वर जाणे आणि मागे जाणे
(फाइल-व्यवस्थापकाच्या निवडीविषयी)

सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्याबरोबर एक आखीव वसाहतही वसली. तेथील घराचा पत्ता सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर अशा पायऱ्यांनी सांगितला जातो. संगणकातील फाइलचा पत्ताही असाच असतो: फोल्डर, त्याच्या पोटात दुसरा फोल्डर, आणि अखेरीस फाइल. या वसाहतीत फिरण्यासाठी जो प्रोग्रॅम वापरतात तो फाइल-व्यवस्थापक होय.

समजा, सेक्टर ६ मधील एक गृहस्थ घरून निघाले, वाटेत सिव्हिक सेंटरला थांबले आणि सेक्टर १० मधील मित्राच्या क्वार्टरमध्ये पोहोचले. त्यांना 'मागे फिरा' असे म्हटले तर ते सिव्हिक सेंटरला परततील. 'एक पायरी वर जा' असे म्हटले तर मात्र ते मित्राच्या दारासमोरील स्ट्रीटवर येतील. मागे जाणे हे प्रवासावरून ठरते, तर वर जाणे पत्त्यावरून. पुष्कळदा दोहोंचे उत्तर एकच येते, आणि म्हणूनच हा भेद ध्यानात राहत नाही.

विंडोज एक्सपीमध्ये बॅकस्पेस ही कळ दाबली असता मनुष्य वरच्या फोल्डरमध्ये जात असे. २००७ साली आलेल्या व्हिस्टामध्ये तीच कळ आधी पाहिलेल्या फोल्डरकडे नेऊ लागली आणि 'वर' हे बटणही नाहीसे झाले. (ते २०१२ च्या विंडोज ८ मध्ये परत आले.) बोटांना मात्र जुनेच वळण होते. ग्रंथालयातील एखादा लेखनिक पेन ड्राइव्हवरील जुने फोल्डर साफ करीत असता नजर न टाकता ही कळ दाबतो, 'सर्व निवडा' अशी आज्ञा देतो आणि फाइली पुसतो. पण तो उभा असतो भलत्याच फोल्डरमध्ये. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सामान्यतः रिसायकल बिनमध्येही जात नाही.

अशी उदाहरणे अन्यत्रही आहेत. मॅकिंटॉशच्या फाइंडरमध्ये रिटर्न कळीने फाइल उघडत नाही, तिचे नाव बदलण्याची सोय होते. लिनक्सवरील केडीईमध्ये एका क्लिकने फाइल उघडे. २०२४ च्या प्लाझ्मा ६ पासून दोन क्लिकची पद्धत मूळ ठेवण म्हणून आली. नॉटिलस या व्यवस्थापकाने २०१२ साली खिडकीचे दोन भाग करण्याची सोय काढून टाकली, तेव्हा लिनक्स मिंटच्या मंडळींनी त्याचीच जुनी आवृत्ती घेऊन 'निमो' सिद्ध केला व ती सोय राखली. ज्यूल व्हेर्नच्या कादंबरीत नॉटिलस ही पाणबुडी असून निमो तिचा कप्तान आहे. हा कप्तान मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र, हे पुढील एका कादंबरीत उघड होते.

सवयीची खरी चिकाटी दिसते ती दोन पट्ट्यांच्या व्यवस्थापकांत. १९८६ साली जॉन सोचा याच्या 'नॉर्टन कमांडर'ने पडद्याचे डावे-उजवे भाग केले. टॅब कळीने पट्टी बदलावी, एफ ५ ने नक्कल करावी, एफ ६ ने हलवावे, एफ ८ ने पुसावे. तो प्रोग्रॅम मागे पडला, परंतु 'मिडनाइट कमांडर', 'टोटल कमांडर' आणि रशियातील येवगेनी रोशाल याचा 'फार मॅनेजर' यांनी त्याच कळा जतन केल्या. रूप बदलले तरी बोटांना नवा धडा गिरवावा लागला नाही.

म्हणून नवा व्यवस्थापक निवडताना त्याच्या देखण्या चित्रांपेक्षा आपल्या बोटांची परीक्षा आधी घ्यावी. निरुपयोगी फाइलींचा एक फोल्डर तयार करावा, त्यात तीन पायऱ्या खाली उतरावे, मग दुसऱ्याच फोल्डरमधून उडी मारून तेथे यावे आणि बॅकस्पेस दाबावी. कोठे पोहोचलो ते पाहावे. एंटर कळ व एक क्लिक यांचीही अशीच पारख करावी. 'डॉल्फिन' आणि 'डबल कमांडर' यांसारख्या व्यवस्थापकांत कळांची कामे बदलता येतात. तेथे जुनी सवय मोडण्याचे कारणच उरत नाही. शाळेतील सामाईक संगणकावर मात्र कळा बदलू नयेत, कारण पुढल्या विद्यार्थ्याची बोटे निराळी असतात. तेथे दर वेळी पुसण्यापूर्वी खिडकीच्या माथ्यावरील पत्ता वाचावा.