बिनभट्टीचा चिरा

आंजर्ल्याच्या पाखाडीने कड्यावरच्या गणपतीला चढताना वाटेतल्या एखाद्या गडग्यावर हात ठेवून बघा. तांबडा, खरखरीत, भोकाभोकांचा चिरा. हा जांभा. याच्यासाठी कुणी भट्टी पेटवलेली नाही. वीट भाजावी लागते, सिमेंट तर १४५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. चिरा खाणीतून निघतो तेव्हा तासता येण्याइतका मऊ असतो, आणि वारा-ऊन खाऊन आपसूक घट्ट होतो!

मग याला घडवलं कुणी? पावसाने. मूळचा हा काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाऊस खाली येताना हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो आणि किंचित आम्ल होतो. लाखो पावसाळे ते पाणी कातळात मुरलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बरीचशी सिलिका विरघळून गेली. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. लोह गंजलं, म्हणून कोकणची माती तांबडी.

खरं नवल पुढे आहे. ते कॅल्शियम गेलं कुठे? समुद्रात, आणि हवेतला कार्बनही त्याच पाण्यातून गेला. शिंपल्यांनी, प्रवाळांनी दोन्ही उचलून कवचं बांधली. अशी कवचं युगानुयुगं साचली की चुनखडक तयार होतो. म्हणजे निसर्ग हवेतला कार्बन दगडात कोंडतो, आणि त्या कामातून उरलेला चोथा म्हणजे आपला जांभा!

आणि सिमेंट? तिथे नेमकं उलट घडतं. चुनखडक तापवला की कोंडलेला कार्बन मोकळा होतो: एक किलो शुद्ध चुनखडकातून ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. भट्टी उद्या सौरविजेवर चालवली तरी हा वायू सुटणारच, कारण तो इंधनातला नाही, दगडातला आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे तो मुख्यतः यामुळे.

सगळ्यांनीच चिऱ्याची घरं बांधावीत, असं मी म्हणणार नाही. चिरेखाणींनी पोखरलेले सडे बघवत नाहीत, आणि वीस मजले काही चिऱ्यावर उभे राहत नाहीत. पण उष्ण प्रदेशातला हाच पाऊस आणखी एक गोष्ट घडवतो: केओलिनची पांढुरकी चिकणमाती. अनेक ठिकाणी ती जांभ्याच्या थराखालीच सापडते. तिला भाजायला ७००-८०० अंश पुरतात, आणि तापल्यावर त्या मातीतून सुटते ती फक्त वाफ!

ही भाजलेली माती आणि न भाजलेला चुनखडक मिसळला, तर सिमेंटमधला भट्टीतला माल निम्म्यावर आणता येतो. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि दिल्ली, मद्रास, मुंबईच्या आयआयटींमधल्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या या सिमेंटचं नाव एलसी-थ्री. त्यातून कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी सुटतो. भारतात २०२३ साली त्याचं मानकही आलं. त्याच्या घट्टपणाचं एक कारण तर फारच सुंदर आहे: पावसाने मातीत मागे ठेवलेलं अ‍ॅल्युमिनियम कच्च्या चुनखडकाशी संयोग पावतं, आणि त्यातून बनणाऱ्या स्फटिकांत चुनखडकातला कार्बन तसाच कोंडलेला राहतो.