तेल गेलं, तूप गेलं… पण नेलं कोणी?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. विषय आहे बातम्यांमधल्या म्हणी.

मोबाइलवर कुठलंही मराठी न्यूज ॲप उघडा. नालेसफाई उशिरा सुरू झाली की 'वरातीमागून घोडे'. पोलीसच लाच घेताना सापडला की 'कुंपणच शेत खातं'. नेत्यांची जुंपली की 'चोराच्या उलट्या बोंबा'. तीन-चार शब्दांत बातमी पोचते आणि भाषा घरातली वाटते. म्हणून मथळ्यात म्हण चालते, भाषणातही टाळी घेते.

पण फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की काय होतं? साइज कमी होते आणि बारीक तपशील उडतात. म्हणीचंही तसंच आहे.

पहिली उडते ती शंका. पोलिसाला अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही. बातमीत 'आरोप आहे' असं लिहिता येतं. 'कुंपणच शेत खातं' मध्ये 'आरोप' हा शब्द घालायचा कुठे? कोर्टाची तारीख लागण्याआधीच म्हणीत निकाल लागलेला असतो.

दुसरा उडतो तो कर्ता. याचं उदाहरण आमच्याच भागातलं. मी घोडपदेवचा. लालबाग, परळ, भायखळा, सगळा गिरणगावच. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. या संपाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं." विषय संपला!

आता क्रियापद बघा: 'गेलं'. जणू आपोआप गेलं. म्हणीत एकच माणूस दिसतो, हातात धुपाटणं घेतलेला, आणि तोच मूर्ख ठरतो. घेणारा कुठेच दिसत नाही.

खरी गोष्ट लांबलचक आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता एकाच युनियनला मिळायची, त्यामुळे कामगार सामंतांच्या मागे असूनही वाटाघाटीचा हक्क दुसऱ्याच युनियनकडे होता. पुढे १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या बदलानंतर ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. महापालिका आणि म्हाडाचा वाटा एकदम आक्रसला. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हा बदल कायम ठेवला. म्हणजे जे 'गेलं', ते कायद्याच्या कागदावरून, तारखेनिशी गेलं. हा हिशोब म्हणीत मावत नाही, आणि न मावल्यामुळे कोणी विचारतही नाही.

मग पत्रकारांनी बोलीभाषा सोडायची का? अजिबात नाही. १८९७ मध्ये, प्लेगच्या काळात, रँडवर हल्ला झाल्यानंतर सरकारने पुण्यात दडपशाही सुरू केली, तेव्हा टिळकांच्या 'केसरी'त मथळा आला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' 'डोकं ठिकाणावर असणं' हा घरातलाच वाक्प्रचार. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, हा प्रश्न आहे, निकाल नाही. दोन, तो सत्तेला विचारलाय आणि कोणाला विचारलाय तेही स्पष्ट लिहिलंय. हरलेल्याला हिणवायला तो वापरलेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मथळ्यात म्हण दिसली की शेअर करण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे कोणी केलं? कधी केलं? सिद्ध झालंय का? उत्तरं खालच्या बातमीत असतील तर म्हण मस्तच आहे. नसतील, तर तुमच्या हातातही धुपाटणंच आलंय असं समजा.

तुमच्या भागातल्या राजकारणात कुठली म्हण सारखी ऐकू येते? आणि ती नेमकं काय झाकते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!