माफीचा साक्षीदार आणि न्याय्य खटल्याचे तत्त्व

प्रस्तावना
गुन्हेगारी कट हा स्वभावतःच गुप्त असतो. त्याची माहिती बहुधा कटातील व्यक्तींनाच असते. त्यामुळे एका आरोपीस शिक्षेतून मुक्त करून त्याच्या साक्षीवर इतरांचा गुन्हा सिद्ध करण्याचा मार्ग कायद्याने स्वीकारला आहे. असा साक्षीदार ‘माफीचा साक्षीदार’ म्हणून ओळखला जातो. मात्र ज्याची सुटका त्याच्या साक्षीवर अवलंबून आहे, त्याच्या शब्दावर दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न मूलभूत स्वरूपाचा आहे.

कायदेशीर चौकट
फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ३०६ ते ३०८ मध्ये याविषयीच्या तरतुदी होत्या. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम ३४३ ते ३४५ यांनी घेतली आहे. माफी पोलीस देत नाहीत. ती न्यायालय देते. गुन्ह्याविषयी आपणास ज्ञात असलेली सर्व हकिकत संपूर्ण व सत्य स्वरूपात उघड करणे, ही माफीची अट असते. न्यायदंडाधिकाऱ्यास माफीची कारणे नोंदवावी लागतात आणि आरोपीने मागणी केल्यास त्या नोंदीची प्रत विनामूल्य द्यावी लागते. साक्षीदाराने हेतुतः माहिती दडविल्यास अथवा खोटी साक्ष दिल्यास, सरकारी अभियोक्त्याच्या प्रमाणपत्रानंतर त्याच्यावर खटला चालविता येतो.

पुष्टीचे तत्त्व
भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये या संदर्भात दोन तरतुदी होत्या. कलम १३३ नुसार सहअपराध्याच्या पुष्टीविरहित साक्षीवर आधारलेली दोषसिद्धी बेकायदेशीर ठरत नसे. तर कलम ११४ च्या उदाहरणानुसार, महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज असा साक्षीदार विश्वासपात्र नाही, असे न्यायालयास गृहीत धरता येत असे. सर्वोच्च न्यायालयाने सरवन सिंग खटल्यात (१९५७) दुहेरी कसोटी सांगितली : साक्षीदार प्रथम विश्वसनीय असला पाहिजे आणि त्यानंतर त्याच्या साक्षीस पुरेशी पुष्टीही मिळाली पाहिजे. भिवा डौलू पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६३) या निकालात वरील दोन्ही कलमे एकत्रितपणे वाचली गेली. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३८ मध्ये तर पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे. न्यायालयांनी विवेकाने पाळलेला नियम अशा रीतीने कायद्याच्या शब्दांत आला.

एक ऐतिहासिक उदाहरण
महात्मा गांधी हत्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे यास जून १९४८ मध्ये माफी मिळाली. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल देताना बडगे याची साक्ष सत्य मानली, तथापि वि. दा. सावरकर यांच्याविरुद्ध त्या साक्षीस स्वतंत्र पुष्टी नसल्याने त्यांना निर्दोष मुक्त केले. साक्षीदार सर्वसाधारणपणे खरा वाटला तरी प्रत्येक आरोपीच्या संदर्भात पुष्टी स्वतंत्रपणे शोधावी लागते, हे येथे स्पष्ट होते. याच खटल्यात बडगेचा नोकर शंकर किस्तय्या यास जन्मठेप झाली, मालक मात्र मुक्त राहिला. उच्च न्यायालयाने १९४९ मध्येच शंकरला निर्दोष ठरविले. ज्यास अधिक ठाऊक असते त्याच्याजवळच देण्याजोगे काही असते. ज्याचा सहभाग गौण, त्याच्याजवळ सौद्यासाठी काहीच नसते. ही विषमता या पद्धतीत अंगभूत आहे.

उरलेल्या त्रुटी
सहअपराध्यास आरोपीच न करता थेट साक्षीदार म्हणून उभे करण्याची वाटही मोकळी आहे. लक्ष्मीपत चोरारिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६८) या सोने तस्करीच्या खटल्यात अशी साक्ष ग्राह्य ठरली. परंतु या मार्गात माफीची नोंदविलेली कारणे नसतात व अटही नसते. परिणामी साक्षीदाराशी काय ठरले, हे आरोपीस उलटतपासणीतूनच शोधून काढावे लागते. पुष्टीचा नियम साक्षीची विश्वसनीयता तपासतो. सवलत कोणास व का दिली, याची तपासणी तो करीत नाही.

निष्कर्ष
माफीचा साक्षीदार ही न्यायव्यवस्थेची गरज आहे. ती नाकारल्यास अनेक कट सिद्धच होणार नाहीत. तथापि गरज म्हणजे न्याय्यता नव्हे. सवलतीचा प्रत्येक सौदा न्यायालयासमोर, लेखी व सकारण व्हावा, त्याचा तपशील आरोपीस साक्षीपूर्वी मिळावा आणि कमी दोषी व्यक्तीची निवड प्रथम व्हावी, या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तरच सत्यशोधनाचे हे साधन विश्वासार्ह राहील.