अर्धकोनाची सूत्रे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकरावीत त्रिकोणमिती सुरू झाली की अर्धकोनाची सूत्रे पाठ होतात, पण त्यांचा अर्थ निसटतो. खानदेशातल्या मुलांनी तरी तो निसटू देऊ नये, कारण या गणिताचा वारसा त्यांच्या घराजवळचा आहे.

गैरसमज : ही सूत्रे इंग्रजी पुस्तकांबरोबर आपल्याकडे आली.
वस्तुस्थिती : सहाव्या शतकात वराहमिहिराला ही रीत ठाऊक होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तल्या ज्योत्पत्ती प्रकरणात अर्ध्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात आहे.

गैरसमज : कोन निम्मा झाला की साइनही निम्मी होते.
वस्तुस्थिती : साइन ३०° = ०.५, पण साइन १५° म्हणजे ०.२५ नव्हे. १ मधून कोसाइन ३०° वजा करा, २ ने भागा, वर्गमूळ घ्या. उत्तर √(२−√३) ÷ २, सुमारे ०.२५८८.

गैरसमज : कॅल्क्युलेटरवरचे ०.२५८८ हेच नेमके उत्तर.
वस्तुस्थिती : ते जवळचे उत्तर आहे, नेमके उत्तर करणीत असते. (√६−√२) ÷ ४ असे उत्तर आले तरी खोडू नका. दोन्हींचा वर्ग करा, किंमत एकच निघते.

गैरसमज : मूळ कोनाचे चिन्ह तेच अर्ध्या कोनाचे चिन्ह.
वस्तुस्थिती : चिन्ह अर्ध्या कोनाच्या चरणावरून ठरते. साइन २१०° ऋण आहे, पण १०५° दुसऱ्या चरणात येतो, म्हणून साइन १०५° धन आणि कोसाइन १०५° ऋण.

गैरसमज : निम्मे करत गेले की कोणताही कोन मिळतो.
वस्तुस्थिती : ३०° वरून १५°, ७°३०′, ३°४५′ मिळतात. ३°४५′ हीच जुन्या २४ ज्यांच्या कोष्टकाची पायरी. भास्कराचार्यांनी १८° ची नेमकी ज्याही दिली. १८° आणि १५° यांच्या वजाबाकीतून ३° साधतो. १° मात्र केवळ वर्गमुळांनी हाती येत नाही. त्यासाठी ३° चे तीन भाग करावे लागतात आणि तिथे घन समीकरण उभे राहते. भास्कराचार्यांनी तिथे १०/५७३ ही जवळची किंमत वापरली. आजच्या किमतीशी ती दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत जुळते.

म्हणून गणित हाती आले की आधी पाहावे, हा कोन ३०°, ४५° किंवा १८° पासून निम्मा करून, मिळवून वा वजा करून निघतो का? निघत असेल, तर उत्तर दशांशात न लिहिता करणीतच लिहावे.