छताचा पोपडा पडला, पण दुखणे कुठे?

पावसाळा ओसरला की जुन्या वाड्यांत आणि चाळींत एक दृश्य हमखास दिसते. भिंतींवर ओलीचे डाग पसरलेले असतात, गिलाव्याला फुगवटा आलेला असतो आणि एखाद्या रात्री छताचा पोपडा धाडकन अंथरुणावर कोसळतो. सकाळी गवंड्याला बोलावून त्या जागी सिमेंटचा थर चढवला जातो, वरून रंगाचा हात फिरतो आणि घर निर्धास्त होते. पुढच्या पावसाळ्यात मात्र तोच भाग, बहुधा अधिक मोठा होऊन, पुन्हा निखळतो. गिलावा सुटतो तो आतल्या दुखण्यामुळे. उपचार मात्र वरवरचा होतो.

आधी निदान

हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंत हलकेच ठोकून पाहावी. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, सुटलेला भाग पोकळ वाजतो. त्याच्या कडा खडूने आखून घ्याव्यात. केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुधा गिलावा सुकताना आकसल्याने पडतात. त्या सहसा धोक्याच्या नसतात. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी निघालेली आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. तिच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेग खुणेच्या पुढे सरकू लागली, तर गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला गाठावे. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, वरच्या मजल्यावरची मोरी किंवा गळका पाइप, ओल जिथून येते ती जागा बंद केल्याखेरीज थापीला हात लावू नये.

चुन्याला चुनाच

सिमेंटचा प्रसार होण्यापूर्वीच्या घरांत विटांच्या भिंती माती किंवा चुन्यात रचलेल्या असत. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने भिंतीत शिरलेली ओल त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा कठीण थर दिला की ही वाट बंद होते. ओल आतच कोंडते, क्षार साचून लोणा लागतो, विटांचा भुगा होतो आणि शेवटी सिमेंटचा थर विटेची कातडी घेऊनच सुटतो.

म्हणून सुटलेला गिलावा घट्ट भाग लागेपर्यंत काढावा, विटांच्या सांध्यांतला भुसभुशीत माल खरवडावा, धूळ झाडून भिंत पाण्याने भिजवावी. मग चुना, वाळू आणि सुरखी यांचा माल पातळ थरांत चढवावा. पहिला थर आवळल्याशिवाय दुसरा देऊ नये. ओले गोणपाट लावून तो किमान आठवडाभर दमट ठेवावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो, त्यामुळे घाई त्याला मानवत नाही. वर ऑइलपेंट न देता चुन्याचीच सफेदी करावी.

स्लॅबचे दुखणे निराळे

काँक्रीटच्या छताची गोष्ट वेगळी. तेथे ओल सळईपर्यंत पोहोचते आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि त्याच्या दाबाने खालचे काँक्रीट गिलाव्यासह फुटते. सरळ रेषेत गेलेली भेग आणि तपकिरी डाग ही त्याची पूर्वसूचना होय. अशा ठिकाणी नुसते प्लास्टर निरुपयोगी ठरते. छताला टेकू देऊन सुटलेले काँक्रीट काढणे, सळई घासून गंजरोधक लेप देणे, झिजलेल्या सळईला नवी जोड देणे आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरणे हे काम इंजिनीअरच्या देखरेखीखालीच व्हावे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. भाड्याच्या जुन्या घरांत मात्र खर्च मालकाचा की भाडेकरूचा, या वादात वर्षे निघून जातात. तो वाद सुटेल तेव्हा सुटो. पोकळ वाजणाऱ्या छताखालचे अंथरूण आणि पाळणा आजच हलवावा.