इंजिन अडखळते तेव्हा

१९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडच्या त्या जंगलात पावसाळ्यात नद्यानाले वाट अडवीत. अशा मुलखात रोगी घेऊन निघालेली जीप अडखळली, तर मिस्त्रीसाठी सुमारे ६० किलोमीटरवरचे आलापल्ली गाठावे लागे. म्हणून चालकानेच थोडे वैद्य व्हावे. नियमही वैद्यकीतलाच : आधी निदान, मग औषध.

जुन्या पेट्रोल जीपला चार सिलिंडर. त्यातला एक काम करीनासा झाला की इंजिन ‘मिसिंग’ करते. तो ओळखायचा कसा? इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, टोक इंजिनाच्या धातूला टेकवावे आणि इंजिन पुन्हा चालवावे. थरथर वाढली तर तो सिलिंडर निर्दोष. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच.

मग त्याचा प्लग पाहावा. फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पेट्रोलने ओला असल्यास ठिणगी पडत नसावी. तेलकट असल्यास रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. हा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष सोबत गेला तर प्लग बदलावा, नाहीतर वायर तपासावी. चारही सिलिंडर अडखळत असतील तर पॉइंट व कार्बुरेटर पाहावेत. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली ओल कोरड्या फडक्याने पुसूनही पुष्कळदा काम भागते.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार एकदम बदलल्या तर गाडी कदाचित चालेल, पण रोग कळणार नाही. आणि तो पुढच्या नाल्यापाशी पुन्हा गाठील.