चार घास कमी, पण कुणी?

चंद्रपुरात सकाळी फिरायला निघणाऱ्यांत हल्ली नाश्त्याला कुठे बसायचं हा विषय निघत नाही. निम्म्यांनी नाश्ताच सोडलाय. 'आपलं दीक्षित चालू आहे,' असं एकजण सांगतो आणि दुसरा जेवणाची 55 मिनिटं घड्याळावर मोजतो. दोनदाच जेवा, हा विचार मूळ आपल्या विदर्भातला. काटोलचे श्रीकांत जिचकार तो भाषणांतून मांडायचे, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. त्यात भर इन्शुलिनवर आहे, उष्मांक मोजण्यावर नाही. आयुष्य वाढावं म्हणून उष्मांकच कापायचे, ही गोष्ट वेगळी आणि बरीच जुनी.

1935 साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांचे उष्मांक कापले, पण जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेपूर दिले. उंदीर जास्त जगले. माकडांनी मात्र घोळ घातला. विस्कॉन्सिनची अर्धपोटी माकडं जास्त जगल्याचं 2009 मध्ये जाहीर झालं. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेची जास्त जगली नाहीत, हे 2012 मध्ये. विस्कॉन्सिनच्या भरपेट माकडांच्या खाण्यात साखर बरीच होती आणि ती हवं तेवढं खात. दुसऱ्या ठिकाणी भरपेट गटालाही बेतानंच मिळे. मग फायदा कमी खाण्याचा, की समोरचा गट हावरा होता त्याचा?

माणसांवरचा सगळ्यात नेटका प्रयोग 'कॅलरी' नावाचा. लठ्ठ नसलेले 218 जण, दोन वर्षं. त्यातल्या एका गटानं 25 टक्के उष्मांक कमी करायचे, असं ठरलं. आहारतज्ज्ञ हाताशी असूनही जमले साधारण 12 टक्के. वजन सरासरी साडेसात किलोंनी उतरलं, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं, हाडं मात्र थोडी विरळ झाली. 2023 मध्ये त्यांच्या रक्तातल्या डीएनएवरून वार्धक्याचा वेग मोजला, तर तो दोन-तीन टक्के मंदावलेला. इतर दोन मापांत काही फरक नाही. या लोकांचं आयुष्य वाढलं का, हे दोन वर्षांत कळणार तरी कसं?

आता गडचिरोलीकडे वळू. चैतात पहाटे मोहाखाली वाकून फुलं वेचणारी बाई टोपली भरेपर्यंत दोन-तीन तास उठत-बसत असते. घरून निघताना पोटात पेज, तीही पातळ. तिचे उष्मांक कुणी मोजून कापलेले नाहीत, ते मिळालेच नाहीत. आणि त्यांच्यासोबत प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वंही गेली. मॅकेच्या उंदरांना जे भरून दिलं होतं, नेमकं तेच हिच्या ताटात नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1995-96 मध्ये इथल्या 39 गावांतली 763 नवजात बाळं तपासली. 42 टक्के बाळं अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची निघाली. हा उष्मांक-नियमनाचा प्रयोग म्हणायचा असेल, तर तो आईच्या पोटातच सुरू होतो.

त्याचा पुढचा हिशेब पुण्यात मांडला गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं पाहत आले. आपली बाळं ब्रिटिश बाळांपेक्षा बरीच हलकी, पण चरबी त्या मानानं टिकून आणि स्नायू कमी. पोटात उपाशी वाढलेलं शरीर पुढे भरल्या ताटाशी जुळवून घेताना मधुमेहाकडे झुकतं. म्हणून माझ्या मते, 'आपले आजोबा अर्धपोटी राहिले म्हणून नव्वदी गाठली' हे वाक्य खरं असलं तरी पुरावा नाही. गाठू न शकलेल्यांची आठवण त्या वाक्यात नसते.

चंद्रपूरच्या पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या गृहस्थांनी चार घास कमी खावेत, डॉक्टरांना विचारून. पण 'कॅलरी'मधली माणसं सुदृढ, स्वखुशीनं आलेली आणि पन्नाशीच्या आतली होती. गरोदर, आजारी किंवा हडकुळ्या माणसांसाठी त्या प्रयोगातले आकडे नाहीत. तेव्हा घरी चाळीस किलोंची म्हातारी आई असेल, तर हा लेख तिला वाचून दाखवू नका. फराळाचं ताट आधी तिच्यापुढे सरकवा.